शिकायला जायचे की राबायला?

ओझरला कुकडीच्या काठी विघ्नहराचे देऊळ आहे. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पाने त्याचा जीर्णोद्धार केला, शिखर सोन्याने मढवले, असे सांगतात. पेशवाई बुडाली, इंग्रज आले आणि गेले, नदीवर येडगावचे धरण झाले. नवस बोलणाऱ्यांची रांग मात्र तशीच आहे. विघ्नांची जात तेवढी बदलली. पूर्वी पाऊस, बांधाचे भांडण आणि मुलीचे लग्न ही विघ्ने होती. आता त्यांत व्हिसा नावाच्या विघ्नाची भर पडली आहे. जुन्नर–आंबेगावच्या बागायती पट्ट्यातील घराघरांत आज एक प्रश्न गंभीरपणे चर्चिला जातो: पोराला परदेशी पाठवायचे तर कोणत्या वाटेने? विद्यार्थी म्हणून की कुशल कामगार म्हणून? कायम निवासाचा परवाना कोणत्या वाटेने लवकर पदरात पडतो?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला दोन दुकाने सज्ज आहेत. एका दुकानात शहरातील सल्लागार बसला आहे. तो पदवीची वाट विकतो. दुसऱ्या दुकानात खुद्द राज्य सरकार बसले आहे; ते मजुरीची वाट विकते. समाजवादी चळवळीचे दुकान नाही, म्हणून तिने या प्रश्नावर मौन धरले आहे. हे मौन घातक आहे. ज्या प्रश्नापायी शेतकऱ्याची जमीन जाते आणि कामगाराचे आयुष्य ठरते, तो प्रश्न 'मध्यमवर्गीय हौस' म्हणून झटकून टाकणे ही वर्गदृष्टी नव्हे. तो आळस आहे.

उपदेशकांना आधी उत्तर

परदेशाचे नाव निघताच देशभक्तीचे प्रवचन झोडणारे लोक चळवळीतही कमी नाहीत. मातीशी इमान राखा, शेती आधुनिक करा, असे ते सांगतात. या मातीचा हिशेब त्यांनी एकदा तपासावा. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या एका क्रेटला दोन हजार रुपयांपर्यंत भाव गेला, तेव्हा देशभर ओरड झाली. सप्टेंबरात तोच टोमॅटो किलोला काही रुपयांवर आला, तेव्हा कोणीही ओरडले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती मे २०२४ पर्यंत बंद राहिली. कांद्याला परदेशी जाण्याची बंदी करणारेच राज्यकर्ते कांदा पिकवणाऱ्याच्या पोराला परदेशी धाडण्याचे करार करतात, हा योगायोग नाही. माल स्वस्त ठेवायचा आणि माणूस निर्यात करायचा, हे एकाच धोरणाचे दोन हात आहेत.

आणि शेती सोडलेल्या पोराला जवळ काय आहे? चाकणची औद्योगिक वसाहत. तेथे कायम कामगाराच्या शेजारी, त्याच यंत्रावर, तेच काम करणारा कंत्राटी पोरगा त्याच्या पगाराचा एक तुकडा घेऊन घरी जातो. २०१३ साली सुरू झालेल्या 'नीम' योजनेने तर कामगाराला 'प्रशिक्षणार्थी' असे गोंडस नाव देऊन कामगार कायद्यांच्या कुंपणाबाहेर काढण्याची सोय करून दिली होती. अशा पोराने विमानाकडे पाहिले तर तो देशद्रोह ठरत नाही. ज्यांची स्वतःची मुले न्यू जर्सीत स्थिरावली आहेत आणि जे पुण्यात निवृत्तिवेतनावर बसून स्वदेशीचे लेख लिहितात, त्यांनी तरी ओझरच्या पोराला हा उपदेश करू नये.

तेव्हा जावे की जाऊ नये, हा वाद नाही. प्रश्न असा की, जाण्याची किंमत कोण मोजतो आणि धोका कोणाच्या माथी बसतो? या एकाच मापाने दोन्ही वाटा मोजून पाहिल्या पाहिजेत.

पदवीची वाट: फी भरून मजुरी

ज्ञानासाठी परदेशी जाणे ही महाराष्ट्राची जुनी आणि थोर परंपरा आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावी, असा करार होता. खर्च संस्थानने केला, म्हणून संस्थानने सेवा मागितली. व्यवहार उघड होता. आज सल्लागाराच्या दुकानात जे विकले जाते त्याचा या परंपरेशी नावापुरताही संबंध नाही. तेथे विद्या ही वस्तूच नाही; विद्या हे वेष्टन आहे. आत कामाचा परवाना आहे आणि त्याच्याही आत, कधी तरी, कायम निवासाचे स्वप्न आहे.

कॅनडाचे उदाहरण बोलके आहे. परदेशी विद्यार्थ्याने सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास बाहेर काम करावे, असा तेथे नियम होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये, मजुरांचा तुटवडा पडला तेव्हा, तो नियम उठवला गेला. एप्रिल २०२४ च्या अखेरीस ती सवलत संपली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मर्यादा चोवीस तासांवर ठरवण्यात आली. विद्यार्थ्याच्या अभ्यासाला किती वेळ लागतो हे दोन वर्षांत दोनदा बदलले काय? बदलली ती उपाहारगृहांची आणि गोदामांची गरज. विद्यार्थी म्हणून फी घ्यायची आणि मजूर म्हणून राबवायचे, असा हा दुहेरी नफा आहे.

त्यात वाट मध्येच बंद होते. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून निर्वाहासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली. नोव्हेंबर २०२४ पासून महाविद्यालयीन पदविकांनंतरचा कामाचा परवाना ठरावीक शाखांपुरताच उरला. २०२५ साठी कायम निवासाचे उद्दिष्ट पाच लाखांवरून ३,९५,००० वर आले. ब्रिटनने शिक्षणोत्तर परवान्याची मुदत २०२७ पासून दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणण्याचे ठरवले. प्रत्येक देशाला आपले नियम ठरवण्याचा अधिकार आहे, हे मान्य. पण नियम बदलला की फी परत मिळत नाही आणि कर्जही माफ होत नाही. धोका पूर्णपणे ओझरच्या सातबाऱ्यावर बसतो.

तो कसा बसतो हेही पाहावे. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात. शेतजमीन त्यांना सहसा नको असते, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याने ती ताब्यात घेता येत नाही. मग गावठाणातील घर गहाण पडते, बिनशेती केलेला तुकडा गहाण पडतो, खाजगी वित्तसंस्थेचे चढे व्याज स्वीकारले जाते. आणि यांतले काहीच नसेल तर पुणे–नाशिक रस्त्यालगतचे चार गुंठे विकले जातात. ज्याला चार गुंठेही नाहीत, त्याच्यासाठी ही वाट नाहीच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती साऱ्या राज्यात वर्षाला ७५ जणांना मिळते. बाकीच्यांनी बाजार बघावा, असाच त्याचा अर्थ होतो.

कामगाराची वाट: अर्धे सत्य

दुसरे दुकान सरकारचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला आणि दहा हजार कुशल मनुष्यबळ पुरवण्याचे ठरवले. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. परिचारिका, वीजतंत्री, गवंडी, सुतार, नळजोडणी कामगार, वाहनचालक येथपासून सुरक्षा रक्षक, टपाल वाटप, सामान बांधणी, स्वच्छता आणि गोदाम साहाय्यक येथपर्यंत सुमारे तीस कामांची यादी झाली. जर्मन भाषा शासनाच्या खर्चाने शिकवू, असे आश्वासन दिले गेले.

या वाटेचा एक गुण प्रथम मान्य केला पाहिजे. येथे कामाला काम म्हटले आहे. मजुरीवर पदवीचे पांघरूण नाही, आणि जाण्यासाठी घर गहाण टाकण्याची सक्ती निदान कागदावर तरी नाही. पदवीच्या वाटेपेक्षा ती अधिक प्रामाणिक आहे. परंतु जाहिरातीत जे सांगितले नाही ते कार्यकर्त्यांनी जाणून घेतले पाहिजे.

जर्मनीच्या निवास कायद्यात 'कुशल कामगार' या शब्दाला नेमका अर्थ आहे. किमान दोन वर्षांचे व्यावसायिक प्रशिक्षण झालेला आणि ते प्रशिक्षण तेथे समकक्ष ठरलेला माणूस, किंवा मान्य पदवीधर, हा कुशल. काही व्यवसायांना अपवाद आहेत. पण सामान बांधणारा आणि झाडू मारणारा या व्याख्येत बसत नाही. आपल्या आय.टी.आय.मध्ये फिटर आणि वीजतंत्री दोन वर्षे शिकतो, तर वेल्डर आणि नळजोडणी कामगार एकच वर्ष. म्हणजे तीस कामांच्या यादीतील कित्येक कामांना कायम निवासाची वाट सरळ जातच नाही. कुशल म्हणून मान्य झालेल्याला तीन वर्षांनी, तेथील निवृत्तिवेतन निधीत छत्तीस महिने भरणा करून आणि भाषेची ठरावीक पातळी गाठून, कायम परवाना मागता येतो. ज्याला कुशल ठरवलेच नाही, त्याच्यासाठी हे दार नाही. शासनाने यादी लांबवली ती पोरांची सोय पाहून नव्हे, आकडा फुगवण्यासाठी. दहा हजारांपैकी प्रत्यक्ष किती जण गेले, कोणत्या कामावर, कोणत्या वेतनावर आणि कोणत्या परवान्यावर, याचा तालुकावार हिशेब शासनाने जाहीर केलाच पाहिजे.

कामगाराची वाट बदलत नाही, असेही नाही. ब्रिटनने २०२२ साली शुश्रूषा कामगारांना दार उघडले. मार्च २०२४ मध्ये त्यांना कुटुंब आणण्याची बंदी केली. २२ जुलै २०२५ रोजी परदेशातून नवी भरतीच बंद केली. खुद्द जर्मनीचा इतिहासही विसरण्याजोगा नाही. १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून पश्चिम जर्मनीने कामगार नेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलाचा भडका उडाला त्या वेळी, भरती थांबवली. साठच्या दशकात केरळातून गेलेल्या परिचारिकांपैकी अनेकींना सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, जर्मन परिचारिका मिळू लागताच, परतण्यास सांगण्यात आले. त्यांना 'पाहुणे कामगार' म्हणत. पाहुण्याला घरी जा म्हणता येते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता.

भांडवलाचा स्वयंचलित मार्ग

एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे, पण ती कोणी बोलत नाही. मर्सिडीज मोटारीच्या कंपनीचे मुख्यालय बाडेन-व्युर्टेम्बर्गची राजधानी स्टुटगार्ट येथे आहे आणि तिचा कारखाना ओझरपासून दीड-दोन तासांवर चाकणला आहे. मोटार उद्योगात परकीय भांडवलाला शंभर टक्क्यांपर्यंत येता येते, तेही ज्या मार्गाने, त्याचे सरकारी नावच 'स्वयंचलित मार्ग' असे आहे. भांडवलाला भाषेची परीक्षा नाही, समकक्षतेचा दाखला नाही, दोन वर्षे थांबणे नाही. स्टुटगार्टचा पैसा चाकणला स्वयंचलित येतो. चाकणच्या कंत्राटी पोराला स्टुटगार्टला जायचे तर विघ्नहराला नवस बोलावा लागतो! ज्या अर्थव्यवस्थेत पैशाला पाय आहेत आणि माणसाला बेड्या, तिच्यात 'कोणती वाट निवडू?' हा प्रश्न पोराला विचारणे हीच मुळात थट्टा आहे.

पण थट्टेवर रागावून भागत नाही. पोराला आज निर्णय घ्यायचा आहे. त्याला उत्तर हवे आहे.

न सांगितलेली तिसरी वाट

उत्तर असे की, शिक्षण आणि श्रम या दोन वेगळ्या वाटा आहेत, हेच खोटे आहे. जर्मनीत कारखान्यात काम आणि सरकारी शाळेत धडे यांची जोड असलेली शिकाऊ पद्धत आहे. उमेदवार बहुधा तीन वर्षे शिकतो. फी नाही, उलट मालक त्याला भत्ता देतो. २०२० पासून त्या भत्त्याला कायद्याने किमान मर्यादा आहे. २०२५ साली सुरू होणाऱ्या प्रशिक्षणाला ती पहिल्या वर्षी दरमहा ६८२ युरो होती. सार्वजनिक रुग्णालयांतील शिकाऊ परिचारिकांना याच्या जवळजवळ दुप्पट मिळते, कारण तेथे कामगार संघटनेने सामूहिक करार करून घेतलेला आहे. कायम निवासाच्या बाबतीत जर्मन कायदा विद्यापीठाची पदवी आणि कारखान्यातले प्रशिक्षण यांत भेद करत नाही: जर्मनीत दोहोंपैकी एक पूर्ण करणाऱ्याला, त्या योग्यतेच्या कामावर दोन वर्षे काढल्यावर, कायम परवाना मागता येतो.

आता हिशेब मांडावा. त्याच बाडेन-व्युर्टेम्बर्गात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याकडून सत्राला १,५०० युरो फी घेतात. निर्वाहासाठी वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, असे २०२४ साली ठरले. दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाला फी आणि निर्वाह मिळून सुमारे तीस हजार युरो, म्हणजे सत्तावीस ते तीस लाख रुपये लागतात. शिकाऊ उमेदवाराला फी शून्य आणि भत्ता पदरात. दोघांनाही पुढे कायम निवासाची मुदत सारखीच. तरीही गावागावांत फलक लागतात ते पहिल्या वाटेचे. कारण उघड आहे: दुसऱ्या वाटेवर महाविद्यालयाकडून दलाली मिळत नाही.

ही वाट फुलांची आहे, असे कोणी समजू नये. आधी जर्मन भाषा चांगली आली पाहिजे. तिला वर्षभर तरी मेहनत लागते. आधी मालकाशी लेखी करार झाला पाहिजे. किमान भत्त्यात मोठ्या शहरातले घरभाडे निघत नाही. तूट भरून काढण्याची सोय दाखवावी लागते. थंडी आहे, एकटेपण आहे, वर्णद्वेषही आहे. पण या वाटेवर बापाचे घर गहाण पडत नाही, आणि अपयश आले तर पोरगा हात हलवत नव्हे, हातात कसब घेऊन परततो. ज्याला खरोखर संशोधन करायचे आहे त्याने विद्यापीठात जावे आणि शिष्यवृत्तीवर जावे. ज्याला पोटासाठी जायचे आहे त्याने कर्ज काढून विद्यार्थ्याचे सोंग घेऊ नये.

हे सोंग तरी का घ्यावेसे वाटते? कारण हाताने काम करणे हलके आणि खुर्चीत बसणे भारदस्त, हा जातिव्यवस्थेने दिलेला धडा अजून घराघरांत गिरवला जातो. पोरगा परदेशात 'एम. एस. करतो' असे सांगताना बापाची मान ताठ होते. 'नळजोडणी शिकतो' असे सांगताना ती खाली जाते. जोतीराव फुल्यांनी ज्या विषमतेवर घाव घातला, तिचेच व्याज आज सल्लागार वसूल करतो आहे.

खोडदचा धडा आणि कार्यकर्त्यांचे काम

ओझरच्या जवळच, खोडदला, महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे: तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. ती उभारणारे गोविंद स्वरूप अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले आणि १९६३ साली परत आले. ते परतले, कारण त्यांच्या विद्येला येथे काम होते. देशाने ते काम निर्माण केले होते. त्या तबकड्या उभ्या राहायला शास्त्रज्ञ लागला, तसे वेल्डर आणि फिटरही लागले. परतण्याजोगा देश असा बांधावा लागतो. तो भाषणांनी बांधला जात नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. आय.टी.आय.तील एक वर्षाचे महत्त्वाचे व्यवसाय दोन वर्षांचे करावेत, शिक्षकांच्या जागा भराव्यात आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा भत्ता जगण्याइतका करावा. याने जाणाऱ्याचे आणि राहणाऱ्याचे, दोघांचेही भले होईल. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने कामगार भरती करणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची आहे. विद्यार्थी पाठवणाऱ्या सल्लागारालाही तशीच सक्ती हवी. पंजाबने २०१२ साली त्या दिशेने कायदा केला आहे. भरतीचा खर्च मालकाने सोसावा, कामगाराने नव्हे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या ठरावात नमूद केले आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक परदेशी करारात ते कलम आले पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक बाजारगावी आठवड्यातून एक दिवस कार्यकर्त्याने बसावे. पोराच्या हातातील करार वाचून दाखवावा: वेतन किती, तास किती, मालक बदलता येतो की नाही, मधेच सोडले तर दंड आहे काय. जर्मनीत परदेशी कामगारांना हक्कांचा मोफत सल्ला देणारी, तेथील कामगार चळवळीशी निगडित केंद्रे आहेत; त्यांचा पत्ता पोराच्या खिशात असावा आणि संघटनेचे सभासदत्व पहिल्या पगारातून घेतले जावे. ऑगस्ट १९७३ मध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यात तुर्की कामगारांनी संप केला, तो जर्मन कामगारांनी पाठ फिरवल्यामुळे एकाकी पडला आणि मोडला. तो धडा दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायचा आहे.

एस. एम. जोशी यांचा जन्म १९०४ साली जुन्नरला झाला. संरक्षण कामगारांची संघटना बांधताना त्यांनी कामगार कोणत्या प्रांताचा, हे विचारले नव्हते. तो कोणत्या देशात राबतो, हेही आता विचारण्याचे कारण नाही. ओझरचा पोरगा स्टुटगार्टला गेला तरी कामगार वर्गातून बाहेर जात नाही. तो कर्जबाजारी विद्यार्थी म्हणून एकटा जातो की करार वाचलेला, संघटित कामगार म्हणून जातो, हे मात्र चळवळ ठरवू शकते. विघ्नहराने पुष्कळ विघ्ने हरली असतील. दलालाचे विघ्न हरणे हे संघटनेचे काम आहे.